‘ए-टाइप’ नावाचं गाणं

गेल्या रविवारी लेकीच्या कीबोर्डच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम झाला. पण भांडण त्याच्या आठवडाभर आधी सुरू झालं, कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा मसुदा हातात पडला तेव्हा. अकरा मुलं, अकरा गाणी. आमच्या कन्येचा नंबर सातवा. नावासमोर लिहिलं होतं – टेट्रिस थीम (पारंपरिक).

आता यात चिडण्यासारखं काय आहे, हे मला घरातल्या सगळ्यांनी विचारून झालंय. नवऱ्याने विचारलं, लेकीने डोळे फिरवून विचारलं. फॅमिली ग्रुपवर पत्रिकेचा फोटो टाकून खाली चार ओळी खरडल्या, तर पुण्याच्या मामेभावाने विचारलं. हा आमचा मामेभाऊ गेमच्या कंपनीत लोकलायझेशनचं काम करतो. म्हणजे बाहेरचे गेम इकडच्या लोकांना आपले वाटतील असे करायचे. त्याने लिहिलं, "ताई, अगं ट्यून छान आहे ना? मग तिचं नाव-गाव कशाला हवंय? चांगल्या लोकलायझेशनमध्ये शिवण दिसता कामा नये."

आणि नेमकं त्याच रात्री आपल्यातल्याच एका ब्लॉगमित्राने रीमिक्सवाल्यांना झोडपणारा एक लांबलचक लेख टाकला. त्याचा सूर असा, की दुसऱ्याची चाल उचलली की ती चोरी, मग ती सिनेमात उचला नाहीतर गेममध्ये. गेमवाले तर त्याच्या मते सगळ्यांत निर्लज्ज.

म्हणजे एकाचं म्हणणं, चाल उचलूच नये. दुसऱ्याचं म्हणणं, उचलावी आणि उचलल्याचं कुणाला कळूही देऊ नये. दोघंही मला प्रिय आहेत आणि दोघंही चूक आहेत. तर मंडळी, आजचं हे लिखाण दोघांना मिळून एकच उत्तर आहे. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी ज्यांना टेट्रिस म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी (आत्या, हे तुझ्यासाठी). आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो हातात धरायचा, करड्या स्क्रीनचा ‘ब्रिक गेम’ मिळायचा बघ. वर ‘९९९९ इन १’ असं धडधडीत खोटं छापलेलं असायचं. त्यातला वरून विटा पडणारा आणि ओळ भरली की नाहीशी होणारा खेळ, तो टेट्रिस. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा मुलांच्या हातून काढून घेऊन त्याचे सेल तूच संपवायचीस.

हा खेळ मॉस्कोत जन्मला. १९८४ साली, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात. करणारा अलेक्सी पाझित्नोव. ज्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ यंत्रावर त्याने तो लिहिला, त्यावर चित्र काढायची सोयच नव्हती, म्हणून विटा चक्क कंसांच्या चिन्हांनी काढलेल्या होत्या. आणि गाणं? नव्हतं. अजिबात नव्हतं. नावही रशियन नाही. चार या अर्थाचा ग्रीक ‘टेट्रा’ आणि पाझित्नोवचा आवडता टेनिस, या दोहोंची ती खिचडी. पंधरासोळा वर्षांच्या वादिम गेरासिमोव नावाच्या मुलाने तो पीसीवर आणला आणि मग खेळ हातोहात पसरला. त्यात कुठे घुमट नव्हते की बालालायका नव्हता. गणिताची आवड असलेल्या माणसाने केलेलं एक कोडं, बस.

मग तो पश्चिमेत गेला आणि त्याला अंगरखा चढला. अमेरिकेत स्पेक्ट्रम होलोबाइटने विकायला काढला तेव्हा खोका लालभडक, त्यावर सेंट बॅसिलचं कांद्याच्या घुमटांचं चर्च. गोर्बाचोव्हचे दिवस होते, लोखंडी पडद्याआडून आलेला खेळ म्हणून तो खपवायचा होता. म्हणजे गंमत बघा, सहसा परका खेळ आपल्याकडे आणताना त्याचा परकेपणा पुसतात, इथे उलट झालं. मुळात ज्याला देश नव्हता अशा खेळाला विकणाऱ्यांनी देश चिकटवला. रशियन मंडळींनी न केलेला रशियनपणा अमेरिकन आणि जपानी मंडळींनी केला. आणि या सोंगात संगीताचा वाटा सगळ्यांत मोठा होता.

१९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला आणि त्याच्यासोबत टेट्रिस. साडेतीन कोटींच्या घरात खपलेली ती कॅसेट (गेमच्या काडतुसाला आपण कॅसेटच म्हणायचो, आता का बदला). त्यातली चाल म्हणजे लेक वाजवणार होती ती. पहिले पाचसहा सूर वाजले की ज्याने आयुष्यात एकदा तरी हा खेळ खेळलाय त्याची बोटं आपोआप हलायला लागतात. आता एक मजेशीर गोष्ट. जपानमध्ये निघालेल्या गेम बॉय टेट्रिसच्या पहिल्या आवृत्तीत त्या जागी ही चाल नव्हतीच! तिथे एक वेगळाच मिन्युएट होता. पुढच्या दुरुस्त आवृत्तीत तो काढून ही रशियन चाल बसवली आणि तीच जगभर गेली. म्हणजे हे ठरवून केलेलं काम. कुणीतरी बसून विचार केला, की या खेळाला कुठली चाल शोभेल.

ती चाल म्हणजे ‘कोरोबेनिकी’. कोरोबेनिकी म्हणजे फेरीवाले, पाठीवर पेटारा घेऊन गावोगाव कापडचोपड विकणारे. आपल्याकडे दारावर कासार यायचे, कापडाचे गठ्ठे घेऊन फेरीवाले यायचे, तसेच. निकोलाय नेक्रासोव नावाच्या कवीने १८६१ साली या फेरीवाल्यांवर एक दीर्घ कविता लिहिली. तिच्या सुरुवातीच्या भागाचं लोकगीत झालं. एक तरुण फेरीवाला आणि कात्या नावाची मुलगी यांच्यात शेतात चाललेली मालाची आणि मनाची घासाघीस, असं ते गाणं आहे. खट्याळ, लगबगीचं, हळूहळू वेग घेणारं. गाणं तिथेच हसतखेळत संपतं. कविता मात्र पुढे जाते, आणि तिच्या शेवटी घरी परतणाऱ्या त्या दोघा फेरीवाल्यांना जंगलात एक रखवालदार पैशासाठी ठार मारतो.

मला हे कळलं त्या दिवसापासून मला ती चाल पहिल्यासारखी ऐकू येत नाही. घरी परतायला निघालेली दोन माणसं, वाट बघणारी एक मुलगी, आणि वरून न थांबता पडणाऱ्या विटा. खेळ बनवणाऱ्यांच्या मनात असलं काही नव्हतं याची मला खात्री आहे. पण नाव कळलं की असं होतं. एक दार उघडतं.

आणि गेम बॉयच्या त्या कॅसेटवर या गाण्याचं नाव काय होतं माहितीये? ‘ए-टाइप’.

हो. खेळ सुरू करताना यादी येते – ए-टाइप, बी-टाइप, सी-टाइप, बंद. ए-टाइप म्हणजे ते लोकगीत. बी-टाइप ही निन्टेन्डोच्या हिरोकाझु तानाका यांची स्वतःची रचना. सी-टाइप म्हणजे खुद्द बाख, त्याच्या तिसऱ्या फ्रेंच सुइटमधला मिन्युएट. एक अख्खं लोकगीत, एक जपानी संगीतकार आणि योहान सेबास्टियन बाख, तिघांची मिळून ओळख काय, तर ए, बी, सी. औषधाच्या दुकानातल्या कप्प्यांना याहून बरी नावं असतात.

कुणी म्हणेल, त्या काळात एवढ्याशा स्क्रीनवर नावं लिहायला जागा कुठे होती? जागा होती हो. तो गेम सुरू करा, पहिल्याच पानावर मालकी हक्कांची भलीमोठी गिचमीड आहे. सोव्हिएत सरकारची ‘एलोर्ग’, मग बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअर, मग निन्टेन्डो, कुणी कुणाला परवाना दिला आणि कुणी कुणाला पोटपरवाना दिला, सालासकट. अगदी पाझित्नोवचं नावही आहे, मूळ कल्पना आणि रचना त्याची म्हणून. (नाव दिलं हे चांगलं केलं. पैसे मात्र त्याला १९९६ पर्यंत मिळाले नाहीत, तोवर हक्क त्याच्याकडे नव्हते. पण ते प्रकरण वेगळं.) जो दावा लावू शकतो त्या प्रत्येकाचं नाव त्या पानावर आहे. बाख दावा लावत नाही. फेरीवाले तर नाहीच नाही.

आता ब्लॉगमित्रा, तुझ्याकडे वळते. तू म्हणशील, बघ, हेच म्हणत होतो मी, चोरी आहे ही. नाही रे. चोरी नाही. तानाका यांनी जे केलं ते नुसतं उचलणं नव्हे. गेम बॉयकडे आवाजाच्या चारच वाटा. त्यातल्या दोन चौकोनी लहरींच्या, म्हणजे ऐकायला पिपाणीसारख्या. एक थोडी निराळी, आणि चौथी नुसती खरखरीची, तिच्यातूनच ताल काढायचा. त्या खरखरीत आणि पिपाणीत त्यांनी गाणं असं बसवलं, की खालचा सूर पायाखालच्या जमिनीसारखा सतत धावत राहतो आणि चाल कितीही वेळा फिरून आली तरी कंटाळा येत नाही. तासन्‌तास तेच गाणं ऐकायचं असतं हो खेळणाऱ्याला! कंटाळा न येणं हीच तिथली अर्धी कमाई. लग्नात बँडवाला जुनं गाणं वाजवतो तेव्हा आपण त्याला चोर म्हणत नाही, कसं वाजवलं ते बघतो. इथेही तेच बघायला हवं. १९९२ साली याच मांडणीवर बेतून ‘डॉक्टर स्पिन’ या टोपणनावाने नाचायचं गाणं निघालं, त्यामागे अँड्र्यू लॉइड वेबर होते, आणि ते ब्रिटनमध्ये सहाव्या नंबरापर्यंत चढलं. उचललेल्यावरून पुन्हा उचललेलं. (मला ते भयंकर वाटतं, पण चोरी म्हणून नाही, भयंकर आहे म्हणून.)

आणि तू संगीत नाटकाचा एवढा भोक्ता. तुझ्या शेल्फवर किर्लोस्करांची पुस्तकं आहेत, मी पाहिली आहेत. काढ ‘सौभद्र’. १८८२ सालचं नाटक. कुठलंही पद उघड आणि त्याच्या डोक्यावर काय छापलंय ते बघ. ‘चाल’ असं लिहून पुढे त्या मूळ गाण्याचे शब्द. ‘शाकुंतला’पासूनची ही रीत. लावणीवरून घेतलेलं, कानडी गाण्यावरून घेतलेलं, पारशी रंगभूमीवरून घेतलेलं, कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या तर होत्याच. पुढे भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली ‘स्वयंवरा’ला चाली दिल्या तेव्हा ख्यालगायकीतल्या बंदिशीच्या बंदिशी मराठी पदांत उतरवल्या. तुझ्या व्याख्येने ही सगळी चोरी. म्हणजे गंधर्वांचं अर्धं नाट्यसंगीत आपल्याला पोलिसांत जमा करावं लागेल.

पण त्या नाटकवाल्यांनी ‘चाल’ छापली. नाटकाचं पुस्तक दोनचार आण्यांना विकणाऱ्या माणसाला ती ओळ छापायला परवडली. कायद्याचा धाक नव्हता. थोडी सोयही होती म्हणा, गाणाऱ्याला कळायला हवं ना कशावर म्हणायचं ते. असू दे. सोयीसाठी का होईना, पण शंभर-सव्वाशे वर्षांनी एखादी बाई ते पुस्तक उघडते आणि तिला कळतं, की हे पद एका हरवलेल्या लावणीवरचं आहे. लावणी गेली, तिचा धागा राहिला.

आता मामेभावा, तुझी शिवण.

तुझा मुद्दा मी समजून घेतलाय. खेळणाऱ्याला ठेच लागू नये, परकं वाटू नये. भाषेच्या बाबतीत मला ते मान्यही आहे. मराठी बटणावर ‘जतन करा’ लिहायचं की ‘सेव्ह करा’, यावर आपण दिवाळीत दोन तास घातले होते, आणि तू जिंकला होतास. पण तुमच्या धंद्यात या शिवण लपवण्यापायी काय काय झालंय ते बघ.

जपानच्या कंपाइलचा ‘पुयो पुयो’. रंगीत जेलीचे गोळे वरून पडतात, चार जुळले की फुटतात. त्याची नायिका आर्ल नावाची एक मुलगी. १९९३ साली मेगा ड्राइव्हवर तो पश्चिमेत नेताना आर्लला घरी बसवलं आणि तिच्या जागी सोनिकच्या कार्टूनमधला खलनायक रोबोटनिक आणला. गोळ्यांचे झाले घेवडे. सुपर निन्टेन्डोवर तोच खेळ १९९५ मध्ये नेला, तेव्हा तिथे कर्बी आला आणि संगीतासाठी कर्बीच्या आधीच्या खेळांतल्या चाली नव्याने मांडून बसवल्या. एकच खेळ, दोन दुकानांत दोन सोंगं.

त्याहून नामी किस्सा ‘पानेल दे पोन’चा. इंटेलिजन्ट सिस्टिम्सने केलेला, १९९५ चा, पऱ्यांचा खेळ. नायिका लिप, फुलांची परी. १९९६ मध्ये अमेरिकेत जाताना सगळ्या पऱ्या हद्दपार, जागी योशी आणि मंडळी. जपानी खेळातल्या कितीतरी चाली तशाच राहिल्या, फक्त ज्या पऱ्यांच्या होत्या त्या पऱ्याच उरल्या नाहीत. आणि काही ठिकाणी ‘योशीज आयलंड’मधल्या कोजी कोन्दो यांच्या चाली नव्या साजात आल्या. आणि नाव ठेवलं ‘टेट्रिस अटॅक’! ज्यात टेट्रिसचा ट नाही. विटा वरून पडत नाहीत, खालून वर येतात, आणि आपण त्यांची आडवी अदलाबदल करतो. पण टेट्रिस हे नाव खपतं ना.

मुलींच्या गोड पऱ्या अमेरिकन पोरांना चालणार नाहीत, असं कुणीतरी कुठल्यातरी खोलीत ठरवलं असणार. चालणार नाहीत हे कशावरून? २०२० साली तोच ‘पानेल दे पोन’ पऱ्यांसकट, जपानी अक्षरांसकट, स्विचवर पश्चिमेतल्या लोकांना खेळायला मिळाला. लिपला बघून कुणी आजारी पडल्याचं ऐकिवात नाही. ‘पुयो पुयो टेट्रिस’ २०१७ मध्ये आर्लला घेऊन, स्वतःच्या नावाने पश्चिमेत गेला आणि चांगला चालला. पंचवीस पंचवीस वर्षं ज्या शिवणीला तुम्ही घाबरलात ती लोकांनी पाहिली आणि खेळायला लागले.

चाली बसवल्या याबद्दल माझी तक्रार नाही रे. त्या कर्बीच्या चाली पडणाऱ्या गोळ्यांना मस्त बसल्यात, मी ऐकल्यात. तक्रार ही, की अमेरिकेतल्या एखाद्या पोराला लिपच्या जगासाठी केलेलं संगीत आवडलं, तर ते तो कायम योशीचं म्हणून गुणगुणणार. त्याला शोधायचं असेल तरी धागा कुठे? तुमची शिवण इतकी सफाईदार, की उसवायला टोकच नाही. शेवटी श्रेयनामावलीत एक ओळ, ‘हे संगीत अमुक खेळातून, मांडणी तमुक यांची’. खेळताना कुणाला ठेच लागते त्याने? खेळ तर संपलेला असतो तेव्हा.

या सगळ्यात एक अपवाद आहे, आणि त्याचं जे झालं ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. १९८९ मध्येच टेंजेन नावाच्या कंपनीनेही निन्टेन्डोच्या यंत्रासाठी टेट्रिस काढला होता. त्यात गाण्यांना ए-बी-सी नव्हतं. यादीत नावं होती! ‘त्रोइका’ होतं, ‘कालिंका’ होतं (त्यांनी ‘कारिंका’ लिहिलं, पण निदान प्रयत्न तरी). आणखी दोन होती, ‘ब्रॅडिन्स्की’ आणि ‘लॉगिन्स्का’. वाटतात ना अस्सल रशियन? पण तसली लोकगीतं रशियात कुणीही ऐकलेली नाहीत. संगीतकार ब्रॅड फुलर, म्हणून ब्रॅडिन्स्की. प्रोग्रॅम लिहिणारे एड लॉग, म्हणून लॉगिन्स्का. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने स्वतःच्या चालीला ‘देशपांडेव्हस्की’ नाव देऊन रशियन म्हणून खपवावं तसं. मला हा चावटपणा मनापासून आवडतो, कारण खोटं का होईना, नाव आहे, आणि त्या नावात करणारा माणूस लपलेला आहे, शोधणाऱ्याला सापडावा असा. तर काय झालं, हक्कांच्या भांडणात कोर्टाने टेंजेनविरुद्ध निकाल दिला आणि महिन्याभरात तो खेळ दुकानांतून उचलला गेला. राहिला निन्टेन्डोचा. त्यात चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधल्या साखरपरीच्या नाचाचं नाव होतं ‘म्युझिक १’.

असो. आता ज्यासाठी मी एवढी तापले ते सांगते. कंसातला तो शब्द. पारंपरिक.

माझे बाबा पेटी वाजवायचे हे नातेवाइकांना माहीत आहे, बाकीच्यांना नसेल. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, गावातलं भजनी मंडळ, आणि बाबा त्या मंडळाचे पेटीवाले. सत्तरच्या दशकात कधीतरी त्यांनी एका अभंगाला चाल लावली. ती आजूबाजूच्या पाचपंचवीस गावांत पसरली, दिंडीत म्हटली जायला लागली. नव्वदच्या दशकात एकदा देवळाबाहेरच्या कॅसेटच्या दुकानात ती चाल वाजताना ऐकू आली. बाबा थबकले. आम्ही कॅसेट विकत घेतली, एक नाही, दोन. गायक नावाजलेले, वाद्यमेळ झकास, मध्ये बासरीचे तुकडे वगैरे घातलेले. कव्हरवर आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘संगीत : पारंपरिक’.

बाबा जेमतेम पंचावन्नचे होते तेव्हा. म्हणाले, "पारंपरिक म्हणजे आपण गेलो की काय?" सगळे हसले. काका म्हणाले, "अरे चाल गाजली, आणखी काय हवं?" बाबांनीही मान डोलावली. पण त्यांनी कॅसेटवाल्यांना एक पत्र लिहिलं होतं, पैशांचा शब्द न काढता, फक्त नाव घालावं म्हणून. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. दुसरी आवृत्ती निघाली, तीही तशीच. (काका, तुम्हाला हे पत्राचं माहीत नव्हतं. मलाही बाबा गेल्यावर वहीत त्याची प्रत मिळाली तेव्हा कळलं.)

त्याच वहीत तो अभंग आहे, बाबांच्या अक्षरात, वर सूर लिहिलेले. आणि त्याच्याही वर, डाव्या कोपऱ्यात, ‘चाल’ असं लिहून ‘सौभद्रा’तल्या एका पदाचे पहिले शब्द, आणि कंसात, ‘अंतरा माझा’. म्हणजे बाबांची ती चालसुद्धा अर्धी उचललेलीच! वही कुणाला दाखवायची नव्हती, छापायची नव्हती. तरी लिहिलं. ज्या पदावरून घेतलं ते पदही ‘सौभद्रा’त कशावरून तरी घेतलेलंच असणार, आणि तेही त्याच्या डोक्यावर छापलेलं आहे.

तेव्हा ब्लॉगमित्रा, उचलण्याला चोरी म्हणशील तर माझ्या बाबांनाही चोर म्हणावं लागेल, आणि मामेभावा, शिवण लपवायची म्हणशील तर त्या कॅसेटवाल्यांचं बरोबर होतं म्हणावं लागेल. ते तू माझ्यासमोर म्हणून दाखव. आत्याच्या समोर तर म्हणूच नकोस.

मी क्लासच्या सरांकडे गेले. म्हटलं, ‘पारंपरिक’ हे अगदी चूक नाही, लोकगीतच आहे ते. पण टेट्रिसची कुठली आलीये परंपरा? फेरीवाल्यांच्या गाण्याची आहे. सर चांगले आहेत. म्हणाले, "ताई, पत्रिका छापायला जायचीये, काय लिहायचं ते एका ओळीत सांगा, दोन ओळींना जागा नाही." मी कागदावर लिहून दिलं – कोरोबेनिकी, रशियन लोकगीत; मांडणी : हिरोकाझु तानाका. दीड ओळ झाली. सरांनी बघितलं, सुस्कारा सोडला, "बसवतो" म्हणाले.

रविवारी पत्रिका हातात आली. लेकीच्या नावासमोर छापलं होतं – ‘टेट्रिस, संगीत : कोरोबेनकर’.

छापखान्यातल्या कुणीतरी परकं नाव आपलंसं करून टाकलं होतं. मामेभाऊ बघून इतका हसला, की मागच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. "ताई, याला म्हणतात लोकलायझेशन." लेकीने झकास वाजवलं, मधे एकदा अडखळली, पण वेग सोडला नाही. मध्यंतरात सासूबाईंच्या मैत्रिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोरोबेनकर म्हणजे मालवणकडचे का गं?"